राक्षस उपसमिती

सिग्नी नेसनं तो किल्ला रचण्यात अख्खा आठवडा घातला होता. तिच्या खेळाडूंनी तो बाहेरूनच बघितला, "छान आहे हं किल्ला," म्हणाले, आणि दारावरच्या पहारेकऱ्याची हरवलेली बकरी शोधायला निघून गेले.

आता, बकरी मुळात नव्हतीच. पहारेकऱ्याचा चेहरा असा उतरलेला का दिसतोय, असं मिसेस विकनी विचारलं, तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून सिग्नीच्या तोंडून ती निघून गेली होती. किल्ल्यात मात्र काय नव्हतं! भुयार होतं, शापित आरसा होता, पाठीत सुरा खुपसलेला राजा होता, त्या राजाचे भाऊबंद होते, त्यांची जुनी भांडणं होती. राजा बिचारा शेवटपर्यंत पालथा पडून राहिला, त्याला कुणी विचारायला गेलं नाही. निघताना ड्वेनमामा म्हणाला, "आजचा खेळ झकास झाला गं. ती बकरी म्हणजे तू फार विचार करून बनवली असणार."

सिग्नी सोळा वर्षांची होती आणि स्वाभिमानी होती. ती "थँक्यू मामा" म्हणाली आणि तिनं राजाला कपाटात टाकलं.

खेळ तसा सोपा आहे. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, आणि आपण शूर योद्धे असल्याचं एकमेकांना सांगायचं. एकीनं मात्र योद्धा व्हायचं नाही, तिनं बाकी सगळं व्हायचं. डोंगर ती, दरोडेखोर ती, पूल ती, पुलावरचा टोलवाला ती, आणि वेळ आली तर बकरीही तीच. तिला सूत्रधार म्हणतात. योद्धे शुक्रवारी संध्याकाळी फक्त येऊन बसतात. सूत्रधार शनिवारपासून तयारीला लागते. जगात आणखी कुठल्या कामात असा अन्याय आहे, असं सिग्नीनं एकदा आईला विचारलं होतं. आईनं फक्त ओट्यावरच्या भांड्यांकडे बघितलं होतं.

खेळ चालायचा तो विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स हॉलो गावात, नेस यांच्या तळघरात, गावातले लोक शुक्रवारचे तळलेले मासे खाऊन आल्यावर. योद्धे तिघं होते. पहिला ड्वेनमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. हा शेतकऱ्यांना पिकांचे आणि गोठ्यांचे विमे विकायचा, आणि खेळातही कुठल्या गुहेत शिरायच्या आधी छत कधी बांधलंय हे विचारायचा. दुसऱ्या शेजारच्या मिसेस विक. वयानं सगळ्यांत मोठ्या, हातात सतत विणकाम, आणि खेळातल्या त्यांच्या योद्धीकडे तलवारीऐवजी ओतीव लोखंडाची कढई. तिसरी सिग्नीच्याच वर्गातली पाकू वांग, चोराचं काम करायची. चोर होती खरी, पण चोरी केल्यावर घरमालकाला चिठ्ठी लिहून ठेवायची.

अडचण सुरू झाली ती रसायनशास्त्रापासून. अडचणी तिथूनच सुरू होतात.

आई दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसायची, त्यामुळे वाईट बातमी गोड आवाजात द्यायची तिला सवय होती. तिनं सिग्नीचा चाचणीचा पेपर जेवणाच्या टेबलावर बटाट्यांशेजारी ठेवला.

"हे काय आहे, राणी?"

"सी."

"अक्षर मला ओळखता येतं. हे आलं कुठून?"

"किल्ला जरा मोठा झाला, आई."

"हं. तर असं करू या. पुढच्या चाचणीत बी आला, तर खेळ चालू. नाही आला, तर खालचं टेबल वर येईल आणि त्या जागी माझी गोधडीची चौकट लागेल. मला राग आलेला नाही हं."

विस्कॉन्सिनमध्ये कुणी 'मला राग आलेला नाही' म्हणालं, की समोरच्यानं सामान आवरायला घ्यायचं असतं.

सिग्नी हादरली. शाळेत ती तशी भिंतीला टेकून उभी राहणाऱ्यांपैकी. पण त्या टेबलाच्या टोकाला बसली, की तिच्या आवाजात ड्रॅगन बोलायचे आणि ड्वेनमामासारखा गडी घाबरून चिप्स खाली ठेवायचा. ते टेबल वर गेलं तर ती पुन्हा भिंतीला टेकणार होती. तेव्हा तयारी कमी करायची, अभ्यास वाढवायचा आणि खेळ वाचवायचा, असा तिनं निश्चय केला. एवढा साधा निश्चय. त्याचं पुढं काय झालं ते बघा.

पहिला सल्ला ड्वेनमामाचा. "अगं, मी काय प्रत्येक शेतकऱ्यासाठी नवा विमा लिहितो का? विमा एकच, वरचं नाव बदलायचं. तू पण तोच किल्ला परत वापर."

सिग्नीनं कपाटातला राजा बाहेर काढला, त्याला राणी केलं, किल्ल्याचं मंदिर केलं आणि सगळं डोंगरावरून बेटावर नेलं. एकूण काम पंधरा मिनिटांचं. तिला वाटलं, आयुष्याचं कोडं सुटलं. मिसेस विक मंदिरात शिरल्या, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"पोरी, ही कोठी मी पाहिलीय."

"नाही हो, हे बेट आहे."

"असेल. पण कोठी उत्तरेला, पिठाची पिंपं डावीकडं, आणि मागं थंड पाण्याची विहीर. बकरीच्या वेळी आम्ही मागच्या खिडकीतून डोकावलो होतो. तूच सांगितलं होतंस."

"एकाच गवंड्यानं बांधलं असेल," पाकू मैत्रिणीला सावरून घेत म्हणाली.

"मग तो गवंडी कोण?" ड्वेनमामा ताठ बसला. "एकाच गवंड्यानं दोन्ही बांधली असतील आणि पाया कच्चा असेल, तर तिसरंही कुठंतरी असणार. लोकांना सांगायला हवं."

झालं. राणी पालथीच राहिली. तिघं गवंड्याच्या मागावर निघाले आणि सिग्नीला पुढच्या शुक्रवारसाठी एक गवंडी, त्याचं गाव, त्याचं दुकान आणि त्याच्यावर नाराज असलेली गिऱ्हाइकं बनवावी लागली. रसायनाचं पुस्तक त्या आठवड्यात नकाशाचे कोपरे दाबायला वापरलं गेलं.

दुसरा सल्ला पाकूचा. "सगळं फाशांवर सोड ना. कोण भेटतं, कुठं भेटतं, काय करत असतं, याचे तीन तक्ते कर. फासे टाकले की माणूस तयार." सल्ला अतिशय शास्त्रीय होता. फक्त तक्ते करायला किल्ल्यापेक्षा जास्त वेळ लागला. शुक्रवारी सिग्नीनं मोठ्या रुबाबात फासे टाकले, तर विहिरीत बसून चीज विकणारा बिशप निघाला. पुन्हा टाकले. झाडावर, रडत असलेली, फौज निघाली. मिसेस विकना बिशपविषयी फार वाईट वाटलं. गिऱ्हाईक विहिरीत उतरणार कसं, या विचारानं त्यांनी त्याला दोर सोडला, आणि त्या दिवशीचा उरलेला वेळ योद्ध्यांनी त्याचं चीज वर ओढण्यात घालवला. फौज झाडावरच राहिली. ती अजूनही असेल.

शेवटी मिसेस विकनीच विषय हातात घेतला. हातात विषय घ्यायला त्यांना आवडायचं. चर्चच्या स्वयंपाकघर समितीच्या त्या आजन्म अध्यक्षा होत्या. गेल्या वर्षी नव्या पाद्रीबाईंनी 'आजन्म'ला मुदत घातली, तेव्हापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

"एकटीनं स्वयंपाक करून गाव जेवतं का?" त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. तसंच प्रत्येकानं थोडं थोडं जग घेऊन यायचं. तू नुसती वाढायला उभी राहा."

"पण कुणी काय आणायचं, हे आधी ठरवू या ना?"

मिसेस विक मायेनं हसल्या. "आमच्याकडं कधी ठरवत नाहीत, पोरी. आपोआप जमतं."

आता हे खरं आहे की चर्चच्या पंगतीत आपोआप जमतं. पण तिथं तीस बायका असतात, आणि कोण बटाट्याचं सॅलड आणणार हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ असतं. इथं तिघं होते. शुक्रवारी तिघंही आपापलं जग घेऊन, चेहरे उजळून आले.

ड्वेनमामानं खानावळ आणली होती. मिसेस विकनी खानावळ आणली होती. पाकूनंही खानावळच आणली होती, पण तिच्या खानावळीत भूत होतं. भूत भांडी घासायचं.

गावात तीन खानावळी झाल्या आणि बाकी काही नाही. घरं नाहीत, रस्ता नाही, राक्षस तर नाहीच. तिन्हीकडं शुक्रवारी तळलेला मासा. सिग्नीनं तिघांच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळून चुकलं की यातली एकही खानावळ बंद करता येणार नाही. पंगतीतला नियम असा, की कुणाच्याही भांड्यातलं थोडं तरी ताटात घ्यावंच लागतं. न घेतलं, तर त्या भांड्याची मालकीण काही बोलत नाही, आणि ते न बोलणं वर्षानुवर्षं चालतं. तेव्हा योद्धे पहिल्या खानावळीत जेवले. मग दुसऱ्या खानावळीत जेवले. तिसऱ्या खानावळीत ड्वेनमामाच्या योद्ध्याचं चिलखत बसेना, तरी त्यानं "अगदी थोडं हं" म्हणून घेतलंच. भुताला सगळ्यांनी भांडी घासायला मदत केली.

"फारच वेगळा झाला आजचा खेळ," मिसेस विक म्हणाल्या. तिकडं 'वेगळा' म्हणजे काय, हे सिग्नीला चांगलं ठाऊक होतं. शेजारीण केसांना निळा रंग लावून आली की तिचे केस वेगळे असतात.

"राक्षस हवा होता," पाकू पुटपुटली.

"कारण नियोजन नव्हतं," मिसेस विक म्हणाल्या. आदल्याच आठवड्यात नियोजन लागत नाही असं त्यांनीच सांगितलं होतं, याची आठवण त्यांना कुणी दिली नाही. "समित्या नेमायला हव्यात."

आणि समित्या नेमल्या गेल्या. खानावळ समिती, हवामान समिती आणि राक्षस उपसमिती. अध्यक्षस्थानी मिसेस विक. सूत्रधार सगळ्या समित्यांची पदसिद्ध सदस्य, आणि तरुण असल्यामुळं सगळ्या सभांचं इतिवृत्तही तिनंच लिहायचं. सिग्नीचं काम कमी करण्यासाठी ही सगळी माणसं झटत होती, त्यामुळं तिला नाही म्हणवेना. सोमवारी हवामान समिती बसायची. मिसेस विकना बर्फ हवा होता. ड्वेनमामा म्हणाला, बर्फ चालेल पण गारा चालणार नाहीत, गारांमुळं माणसाचं वाटोळं होतं. शेवटी दोघांच्या भावना जपून 'अंशतः ढगाळ' असा ठराव झाला. मंगळवारी खानावळ समिती बसायची, आणि तिथं पाकूच्या भुताला पगार असावा का, यावर चर्चा व्हायची.

राक्षस उपसमितीत ड्वेनमामा आणि पाकू असे दोघंच होते. मतभेद मूलभूत होते. पाकूला असा राक्षस हवा होता, ज्याच्या रागाला काहीतरी कारण आहे, तिच्या आजीच्या गोष्टींतल्यासारखा. मामाचं म्हणणं, कारण मागाहून बघू, आधी नुकसानीचा अंदाज द्या.

"मामा, तो राक्षस आहे. तो नुकसान करणारच ना?"

"करू दे की. मी कुठं नको म्हणतोय? पण किती? एक गोठा का दोन? आत गुरं आहेत का?"

ज्या बुधवारी निर्णय व्हायचा, त्या दिवशी कुणाच्या तरी चाऱ्याच्या सायलोवर वीज पडली आणि मामा तिकडं पळाला. सभेला पाकू एकटी. गणसंख्या पूर्ण न झाल्यानं सभा तहकूब, आणि राक्षसही तहकूब. शुक्रवारी गावकरी बादल्या, फावडी आणि दुपारचे डबे घेऊन वेशीवर उभे राहिले. योद्ध्यांनी तलवारी उपसल्या, कढई उपसली. अंशतः ढगाळ होतं. कुणी आलं नाही.

"काय झालं?" मिसेस विकनी विचारलं.

"राक्षस निघाला होता," सिग्नी म्हणाली, "पण त्याला मंजुरी नव्हती."

"बरोबर आहे मग," मिसेस विक म्हणाल्या, आणि सगळ्यांनी तलवारी म्यान केल्या.

मधल्या काळात रसायनाची चाचणी आली आणि गेली. दोन द्रव्यं एकत्र आणूनही अभिक्रिया का होत नाही, असा एक प्रश्न होता. सिग्नीनं लिहिलं, 'पुरेसे सदस्य उपस्थित नसल्यामुळे.' बाईंनी त्याला अर्धा गुण दिला. बाई मोठ्या मनाच्या होत्या, पण अर्ध्या गुणानं काय होणार!

पेपर मिळाला तो शुक्रवारी. खाली सर्वसाधारण सभा भरली होती. पाकूच्या आईनं पाठवलेले तळलेले रोल सगळ्यांपुढं होते, आणि ताटलीत शेवटचा एक राहिला होता, त्यामुळं त्याला कुणी हात लावत नव्हतं. आई जिना उतरून आली. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात गोधडी मोजायची टेप.

"नमस्कार मंडळी. तुमच्यात मध्येच बोलते त्याबद्दल माफ करा हं," आई म्हणाली. "सी आलाय. अधिकचं चिन्ह आहे पुढं, पण सीच आहे. तेव्हा आमचं ठरलं होतं त्याप्रमाणं, हा खेळ आता बंद करावा असं मला वाटतं."

मिसेस विकनी सुया खाली ठेवल्या आणि चष्मा वर केला.

"हा ठराव समजायचा का, रोंडा?"

आई गडबडली. पण तीही त्यांच्यातलीच! त्याच चर्चमध्ये वाढलेली, विश्वस्त मंडळाची दोन वर्षं चिटणीस राहिलेली. "हो," ती म्हणाली. "ठरावच समजा."

"अनुमोदन?"

कुणी बोललं नाही. ड्वेनमामा छताकडं बघायला लागला, छत कधी बांधलंय याचा विचार करत असल्यासारखा. पाकूनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. आईचा चेहरा पडला. अनुमोदन नाही, तर ठराव पडला, हे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीविरुद्ध, स्वतःच्या तळघरात आपण हरलो, हेही तिला कळत होतं, आणि तरीही ती टेप गुंडाळायला लागली. नियम म्हणजे नियम.

सिग्नी आईकडं बघत होती. खेळ वाचला होता! सोमवारी हवामान समिती होती. मंगळवारी भुताचा पगार होता. बुधवारी तहकूब राक्षसाची तहकूब सभा होती, तिघांनाही इतिवृत्ताच्या प्रती द्यायच्या होत्या, आणि शिवाय गवंड्याच्या दुकानाचा नकाशा राहिला होता.

"माझं अनुमोदन आहे," सिग्नी म्हणाली.

"सिग्नी!" पाकू ओरडली.

"बाळा," ड्वेनमामा म्हणाला, "ठराव तुझ्याच खेळाविरुद्ध आहे."

"मला माहितीय." सिग्नी बोलतच राहिली. आपण असं मोठ्या माणसांसमोर बोलू शकतो, याचं एका कोपऱ्यात तिला नवलही वाटत होतं. "हा खेळ मला फार आवडतो. पण तुम्ही सगळे माझं काम कमी करायला लागल्यापासून मला झोप नाही. मला डोंगर व्हायला चालेल. राक्षस व्हायला चालेल. मला पदसिद्ध सदस्य नाही व्हायचं."

मग ड्वेनमामानं, काहीतरी करायचं म्हणून, शेवटचा रोल अर्धा तोडून घेतला. अर्धा ताटलीतच ठेवला.

मिसेस विकनी मतदान घेतलं. बाजूनं आई आणि सिग्नी. विरुद्ध ड्वेनमामा आणि पाकू. समसमान. आता अध्यक्षांचं निर्णायक मत. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. पण मिसेस विकनी उभ्या आयुष्यात निर्णायक मत कधी दिलं नव्हतं. ते दिलं, की पुढं प्रत्येक वेळी वाणसामानाच्या दुकानात हरलेली बाजू नेमकी चीजच्या कपाटापाशी भेटते.

"विषय गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "तो अभ्यासासाठी रोंडा आणि सिग्नी यांच्या द्विसदस्य समितीकडं सोपवण्यात येतो. अहवाल येईपर्यंत खेळ जैसे थे. आणि," इथं त्यांनी खोल श्वास घेतला, "एका टेबलावर इतक्या समित्या बरोबर दिसत नाहीत. बाकीच्या सगळ्या बरखास्त." हे बोलताना त्यांचा आवाज जरा बसला. पाकूनं त्यांच्यापुढं उरलेला अर्धा रोल सरकवला. त्यांनी दोनदा नको म्हटलं आणि मग घेतला.

"ठीक आहे," आई म्हणाली. "पण समिती दर शुक्रवारी इथं बसणार. आणि रसायनाचं पुस्तक टेबलावर राहणार."

पुढच्या शुक्रवारी सिग्नी काहीही तयारी न करता खाली आली. नकाशा नाही, राजा नाही, एक बकरीसुद्धा नाही. समोर फासे लपवायचा तिचा पुठ्ठ्याचा पडदा होता, त्याआड रसायनाचं पुस्तक, आणि शेजारी खुर्ची टाकून समितीचा दुसरा सदस्य गोधडीचे तुकडे जोडत बसला होता. तिघं योद्धे वाट बघत होते.

"तुमच्यासमोर," सिग्नी म्हणाली, आणि तिला पुढं काही सुचेना, "एक दार आहे."

"बापरे," पाकू म्हणाली.

"बंद आहे?" ड्वेनमामानं विचारलं.

"बंद आहे."

मामा पुढं झाला आणि थबकला. "मिसेस विक, तुम्ही आधी."

"छे, छे, तू हो पुढं, ड्वेन. तू तरुण आहेस."

"नाही, नाही, तुमचा मान."

"मी आपली मागून येते. पाकूला जाऊ दे."

"मी? मी नाही हं, मला काही घाई नाही."

"उघडायच्या आधी ठोठावायला हवं," मिसेस विक म्हणाल्या. "आत कुणी जेवत असेल तर?"

"आणि आपण रिकाम्या हातांनी आलोय," मामा म्हणाला.

त्यावर पाकूनं आपल्याकडं काय काय आहे ते काढायला सुरुवात केली, आणि त्यातलं कुठलं चोरीचं नाही यावर चर्चा सुरू झाली. सिग्नीनं बिचकत पुस्तकाचं पान उलटलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं एक समीकरण सोडवलं. मग दुसरं. मध्येच आवाज कमी झाला, तेव्हा तिनं पडद्याआड एक फासा टाकला, त्याच्याकडं बघितलं आणि नुसतं "हंऽऽ" केलं. तिघंही दारापासून दोन पावलं मागं सरले आणि पुन्हा जोरात बोलायला लागले.

आईचा सुई धरलेला हात थांबला होता. ती त्या नसलेल्या दाराच्या बाजूला जरा झुकली. "काय आहे गं पलीकडं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मला कुठं माहितीय?" सिग्नी तशीच कुजबुजली.

"ठोठावतो मी!" मामा गरजला. "जे होईल ते होईल!"

आईनं पुस्तकाकडं बघितलं, मामाच्या वर उचललेल्या मुठीकडं बघितलं आणि घाईघाईनं सिग्नीच्या कानाशी वाकली.

"आतून कडी लाव," ती म्हणाली. "तुझे अजून दोन धडे राहिलेत."